आरोपांचं वय सात आणि नऊ

माननीय संपादक,
सादर नमस्कार.

गेल्या मंगळवारच्या अंकात देशोदेशीच्या पानावर, अगदी तळाशी, एका परदेशी खेळाडूच्या अटकेची पाच ओळींची बातमी होती. ‘हल्ला करणे व बॅटरी बाळगणे या आरोपांखाली’ त्याला पकडलं, असं तीत म्हटलं होतं. मी ते वाक्य दोनदा वाचलं आणि मग आईला वाचून दाखवलं. आई 88 वर्षांची आहे. नजर अधू झाली आहे, कान मात्र तिखट. ती म्हणाली, ‘‘बॅटरी बाळगली म्हणून धरायला लागले असतील, तर माझ्या उशाखालची आधी कुठंतरी लपव.’’

पत्र लिहायला मला एवढं निमित्त पुरलं. रागाने लिहीत नाही, हे आधीच सांगते. हीच चूक, किंवा हिची थोरली बहीण म्हणा, चाळीसेक वर्षांपूर्वी माझ्याही हातून झालेली आहे.

मूळ इंग्रजीत ‘चार्ज्ड विथ असॉल्ट अँड बॅटरी’ असे शब्द असणार. इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यातली ही जुनी जोडगोळी. जुन्या व्याख्येप्रमाणे असॉल्ट म्हणजे अंगावर धावून जाणं, आता मार बसणार अशी धास्ती समोरच्याला घालणं. आणि बॅटरी म्हणजे प्रत्यक्ष मारणं. हात उगारला की असॉल्ट, तो गालावर पडला की बॅटरी. मारणं या अर्थाच्या एका फ्रेंच क्रियापदापासून ती आली. बॅटल, कॉम्बॅट आणि डिबेट ही तिचीच भावंडं. वादविवाद हा मारामारीचा भाऊ निघावा, याचं आजकाल कुणाला आश्चर्य वाटू नये. उशाखालच्या बॅटरीशी या बॅटरीचा सरळ संबंध नाही. वाकडा आहे, त्याच्याकडे मी येते.

पण माझं लक्ष बॅटरीपेक्षा तिच्या आधीच्या शब्दाकडे गेलं. चार्ज. या शब्दाने मला 31 वर्षं छळलं आहे.

माझी नोकरी इंग्रजी कागद मराठीत करण्याची होती. कोर्टातले अर्ज, करारनामे, मृत्युपत्रं, विम्याची कलमं. पाठकोरे कागद शिवून मी एक वही केली होती आणि अडलेल्या प्रत्येक शब्दाला तीत एक पान देत असे. बहुतेक शब्दांची अर्ध्या पानात बोळवण व्हायची. चार्जला पान पुरेना, म्हणून मी त्याच्या कडेला दुसरा कागद चिकटवला, मग तिसरा, चौथा. निवृत्त होईपर्यंत ते पान नकाशासारखं उलगडावं लागायचं आणि परत घडी घालताना दर वेळी चुकायचं.

आता ती थोरली बहीण. नोकरीचं दुसरं वर्ष. पालकत्वाच्या एका अर्जात एक बाई ‘विथ हर टू मायनर चार्जेस’ कोर्टापुढे आल्याचं लिहिलं होतं. मी बेधडक मराठी केलं : ‘सदर महिला आपल्यावरील दोन किरकोळ आरोपांसह न्यायालयात हजर झाली.’ पुढच्याच ओळीत त्यांची वयं दिली होती, सात आणि नऊ. तीही मी इमानेइतबारे उतरवली. तपासणाऱ्या साहेबांनी कागद परत पाठवला. समासात लाल शाईत एकच प्रश्न होता : ‘आरोपांना वय कधीपासून असतं?’

चार्ज म्हणजे आपल्या हवाली केलेलं माणूस, पाल्य, हा अर्थ मला तेव्हा ठाऊकच नव्हता. मायनर म्हणजे अज्ञान, वयाने लहान, हे ठाऊक होतं. पण शेजारी चार्ज दिसल्याबरोबर डोक्याने ‘किरकोळ आरोप’ अशी तयार जोडी काढून दिली. दोन्ही शब्दांचे अर्थ एकमेकांच्या भरवशावर चुकले. साहेब ओरडले नाहीत. त्यांनी बोलावून एवढंच विचारलं, ‘‘बाई, या चार्जच्या मुळाशी काय आहे, बघितलंत कधी?’’ बघितलं नव्हतं. संध्याकाळी थांबून कोश काढला.

मुळाशी गाडी आहे. गॉल प्रांतातल्या, म्हणजे साधारण आजच्या फ्रान्समधल्या, केल्टिक लोकांचा, ओझ्याच्या गाडीसाठीचा एक शब्द रोमनांनी उचलला आणि लॅटिनमध्ये तो कारुस झाला. त्यावरून पुढच्या काळातल्या लॅटिनमध्ये गाडीत माल भरणं या अर्थाचं क्रियापद निघालं. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचं रूप बदललं आणि सुमारे 800 वर्षांपूर्वी ते इंग्रजीत उतरलं. आजची कार त्याच घराण्यातली, कॅरी आणि कार्गोही. आणखी एक नातेवाईक तुमच्या अंकात रोज हजेरी लावतो : कॅरिकेचर. इटालियनमध्ये त्याचा अर्थ लादलेलं, वाजवीपेक्षा जास्त भरलेलं चित्र. नाक आहे त्यापेक्षा जरा जास्त लादायचं. फ्रेंच भाषेत अशा व्यंगचित्राला आजही शार्ज म्हणतात.

गाडी आणि तिच्यावरचं ओझं डोळ्यांपुढे आलं आणि वहीतलं ते पान मला निराळं दिसू लागलं. माणसाच्या खांद्यावर काम लादलं, तो चार्ज. आपण पदभार म्हणतो. माणसाच्या नावावर दोष लादला, तोही चार्ज. मालमत्तेवर कर्ज लादलं, तो चार्ज. आणि मराठी दप्तरात त्याला शब्द काय, तर बोजा! इंग्रजीतलं गाडीवरचं ओझं त्या शब्दात आता कुणाला दिसत नाही. मराठीतला बोजा अजून खांद्याला रुततो. ज्याच्या खिशावर भार पडतो, तो पैशांचा चार्ज. आणि त्या बाईंच्या हवाली केलेली ती दोन मुलं म्हणजे ओझं वाहण्याची सोपवलेली जबाबदारी नव्हे, तर सोपवलेलं ओझंच. अर्थ असा उलगडल्यावर मला त्या मुलांची थोडी दया आली, पण भाषेला दयामाया नसते.

‘आरोप’ पाहा. संस्कृतात तो रुह् धातूपासून आला. आरोपण म्हणजे वर चढवणं, वर ठेवणं. धनुष्यावर दोरी चढवणं हेही आरोपणच. म्हणजे आरोप करणाराही काहीतरी दुसऱ्याच्या माथी चढवतोच. गाडी नाही, एवढाच फरक. ‘भार’ तर त्याहून जवळचा. तो भृ धातूचा. आणि ओझं या अर्थाचा इंग्रजी बर्डन व वाहणं या अर्थाचा बेअर हे त्याच प्राचीन मुळातून फुटलेले आहेत. कोशात हे दिसलं त्या संध्याकाळी मी एकटीच हसले होते.

आता उशाखालच्या बॅटरीकडे वळते.

आईला मी तीन वर्षांपूर्वी मोबाइल घेऊन दिला. ती कधीही ‘चार्जिंगला लाव’ म्हणत नाही. ‘‘फोन भरायला लाव’’ म्हणते. नातवंडं हसतात. ‘‘आजी, फोन काय घागर आहे का?’’ मी त्यांना हसू देते, पण आजी बरोबर आहे. बंदुकीत दारू ठासून ती भरतात, त्याला इंग्रजीत चार्ज करणं म्हणत. अठराव्या शतकात विजेचे प्रयोग करणाऱ्यांकडे लायडन जार नावाची काचेची बरणी होती. तीत वीज साठवायची आणि मग हात लावणाऱ्याला सणसणीत झटका बसायचा. भरायची, मग एका दणक्यात रिकामी करायची. बंदुकीचे शब्द तिला आपसूकच चिकटले. बेंजामिन फ्रँकलिनने 1749च्या सुमारास काचेच्या अकरा मोठ्या तावदानांना शिशाचे पत्रे लावून ती एकमेकांना जोडली आणि त्या सगळ्या मांडणीला इलेक्ट्रिकल बॅटरी म्हटलं. बॅटरी म्हणजे तोफांची रांग. शत्रूच्या भिंतींना मारणारी म्हणून ती बॅटरी. म्हणजे गालावर बसणारी चपराक, तोफांची रांग आणि आईच्या उशाखालचा दिवा ही एकाच वंशाची मंडळी. तुमच्या उपसंपादकाने नकळत दोन लांबच्या चुलतभावांची गाठ घालून दिली म्हणायची.

इथे पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीने मला अडवलं होतं. ती म्हणाली, बॅटरीत विद्युतप्रभार, म्हणजे विजेचा चार्ज, भरला जातच नाही. एका टोकाने जेवढे इलेक्ट्रॉन आत येतात, तेवढेच दुसऱ्या टोकाने बाहेर पडतात. एकूण प्रभार होता तेवढाच राहतो. आत साठते ती रासायनिक रूपातली ऊर्जा. फ्रँकलिनलाही हे लायडन जारच्या बाबतीत दिसलं होतं. लोक ज्याला भरणं म्हणतात ते झाल्यावर बरणीत पूर्वीपेक्षा जास्त वीज नसते, असं त्याने लिहून ठेवलं आहे. फोनच्या खोक्यावर 5000 एमएएच असं छापतात, तो आकडा मात्र खरोखरच प्रभाराचा. पूर्ण भरलेली बॅटरी रिकामी होईतो तारेतून एकंदर 18,000 कूलोम (हे प्रभार मोजायचं एकक) प्रभार वाहून जातो, एवढाच त्याचा अर्थ. मी हे सगळं आईला समजावून सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘भरत नाही, तर मग दुपारी रिकामा कसा होतो?’’ मैत्रिणीला मी हा प्रश्न अजून पोचवलेला नाही.

प्रभार हा शब्द आला आहे तर तेवढंच. विजेच्या चार्जला आपण पाठ्यपुस्तकांत प्रभार म्हटलं आणि इन चार्ज माणसाला प्रभारी. एका इंग्रजी शब्दाच्या दोन टोकांना मराठीत एकच शब्द बांधला गेला. पण दुसऱ्या टोकाला एक खोच आहे. मराठीत प्रभारी म्हटलं की तात्पुरता, खरा येईपर्यंत खुर्ची सांभाळणारा, असा वास येतो. इंग्रजीत ‘डॉक्टर इन चार्ज’ तात्पुरता नसतो, तोच तिथला मुख्य. तुमच्या बातम्यांत परदेशातले भरभक्कम, कायमचे प्रमुख ‘प्रभारी’ होऊन बसलेले मी पाहिले आहेत. राजदूताच्या गैरहजेरीत वकिलात सांभाळणारा जो शार्जे दाफेर असतो, त्याला प्रभारी म्हणा, तिथे तो शब्द चपखल बसतो. बाकीच्यांच्या नोकऱ्या का धोक्यात घालता?

चार्जर या शब्दाचीही गंमत सांगायची राहिली. 1611च्या इंग्रजी बायबलमध्ये बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचं शिर एका चार्जरमध्ये आणून द्यायला सांगितलं आहे. चार्जर म्हणजे मोठं ताट, ज्यावर काही लादून आणायचं ते. मराठीत आपण तबक म्हणू. लढाईच्या घोड्यालाही चार्जर म्हणत. एका तरुण सहकाऱ्याने ही ओळ वाचून मला निरागसपणे विचारलं होतं, त्या काळी चार्जर होते?

घोड्यांचा चार्ज म्हणजे शत्रूवर झडप. भाला किंवा संगीन रोखून धरणं यालाही चार्ज म्हणत आणि रोखून धरलं की पुढची पायरी धावून जाण्याचीच. मराठीत हल्ला, चढाई, मुसंडी, असे एकाहून एक रांगडे शब्द असताना ‘पोलिसांनी चार्ज केला’ का लिहावं, मला कळत नाही. लाठीमार किती स्वच्छ शब्द आहे. लढाईतल्या चार्जचं सर्वांत प्रसिद्ध उदाहरण 25 ऑक्टोबर 1854चं, क्रायमियातल्या बालाक्लावाचं, ब्रिटिश घोडदळाने रशियन तोफांवर केलेलं. तिथे गोंधळ वेगळ्याच शब्दाने केला. ‘तोफा’ शत्रूला नेऊ देऊ नका, असा हुकूम टेकडीवरून खाली आला. कोणत्या तोफा, ते त्यात नव्हतं. टेकडीवरून एक तोफा दिसत होत्या, खालून दुसऱ्या. विचारल्यावर निरोप्याने हवेतच कुठेतरी हात केला. सहाशेहून जास्त घोडेस्वार भलत्याच दरीत, तीन बाजूंनी मारा होत असताना घुसले. शंभराहून अधिक जीव गेले. शब्दावर इतका कीस कशाला, असं मला नोकरीत कुणी म्हटलं की मी ही गोष्ट सांगत असे. त्यांना ती बहुधा पाठ झाली होती.

पैशाच्या चार्जबद्दल फार लिहीत नाही, कारण तिथे चूक झाली तरी फार तर खिशाला कळते. फक्त एवढं की मराठीत त्याला प्रत्येक प्रसंगाचा वेगळा शब्द आहे : प्रवासाचं भाडं, रस्त्याचा पथकर, शिकवण्याची फी, कागदाचं शुल्क, चुकीचा दंड. इंग्रजीतही फेअर, टोल, फी, फाइन असे वेगळे आहेत, आणि चार्ज हा त्या सगळ्यांचा आळशी प्रतिनिधी. वीजबिलात त्याचं मराठी ‘आकार’ झालं आहे. शेजारच्या मुलाने एकदा बिल हातात घेऊन विचारलं, ‘‘काकू, स्थिर आकार म्हणजे चौकोन की गोल?’’ आणि सध्या रोज पहिल्या पानावर असणारं टॅरिफ घ्या. ते अरबीतून इटालियनमार्गे इंग्रजीत गेलं, मूळ अर्थ कळवणं, माहीत करून देणं. त्याच अरबी शब्दाने फारसीचा हात धरून आपल्याकडे यायची वाट धरली आणि तो तारीफ झाला. एका देशाने दुसऱ्यावर टॅरिफ लावलं की मला उगीचच वाटतं, तारीफच चालली आहे.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले, तिथे येते.

आमच्या कचेरीत हिशेबाच्या टेबलावर एक गृहस्थ होते. नाव सांगत नाही, त्यांच्या मुलांना आवडणार नाही. पैशांच्या अफरातफरीचं एक प्रकरण झालं आणि त्यात त्यांचंही नाव आलं. इंग्रजी वार्तापत्रात ‘चार्ज्ड’ असा शब्द होता. एका मराठी दैनिकाने, तुमच्या नव्हे, छापलं : ‘अफरातफरीत दोषी आढळले.’ दोषी! अजून खटला उभा राहायचा होता. त्या सकाळी ते कचेरीत आले, तेव्हा कुणी त्यांच्याशी बोलेना. अंक घडी करून खिशात ठेवला होता, तो त्यांनी माझ्यासमोर उलगडला आणि विचारलं, ‘‘बाई, तुमच्या वहीत चार्ज्डला दोषी असा अर्थ आहे का?’’ माझ्या वहीचा लौकिक कचेरीभर होता. मी म्हटलं, ‘‘नाही.’’ ते म्हणाले, ‘‘मग तसं लिहून द्याल का?’’ मी दिलं. चार ओळी, खाली सही. त्या कागदाचं त्यांनी पुढे काय केलं, मला माहीत नाही.

पुढे दीडेक वर्षाने पुराव्याअभावी कोर्टाने त्यांना खटला चालवण्याआधीच मोकळं केलं. इंग्रजीत शब्द होता ‘डिस्चार्ज्ड’. त्याच दैनिकात आतल्या पानावर दोन ओळी आल्या : त्यांना ‘सेवेतून कमी करण्यात आले आहे’. म्हणजे लादताना चूक, उतरवतानाही चूक, आणि दोन्ही वेळा ओझं त्यांच्याच अंगावर.

त्यामुळे गुन्ह्याच्या बातमीत चार्ज आला की माझी तुमच्या कक्षाला हात जोडून विनंती आहे, तिथे कलम जरा थांबवा. कुणी शेजाऱ्याने बोट दाखवलं, तो आरोप. पोलिसांकडे नोंद झाली, तो गुन्हा दाखल. तपास संपवून पोलिसांनी कोर्टात कागद दिले, ते आरोपपत्र. कोर्टाने ते वाचून, या या मुद्द्यांवर खटला चालेल असं ठरवलं, ते आरोप निश्चित करणं. आणि दोषी हा शब्द या सगळ्यानंतर, निकालाच्या दिवशी. इंग्रजी बातमीत चार्ज्ड हा यांतल्या मधल्या कुठल्याही पायरीवर असू शकतो, शेवटच्या पायरीवर कधीच नसतो. उतरतानाही तसंच. खटला उभाच राहिला नाही, तर आरोपमुक्त. खटला चालून गुन्हा शाबीत झाला नाही, तर निर्दोष मुक्त. जामिनावर बाहेर आला, तर तो अजून कशातूनच सुटलेला नाही. या तिघांनाही ‘सुटका’ या एका शब्दात कोंबू नका.

इम्पीच हा शब्द याच जातीचा. त्याच्या मुळाशी पायात अडकवायची बेडी आहे. त्याला आपण महाभियोग म्हणतो. शब्द चांगला आहे, पण वाचणाऱ्याला वाटतं की झाला महाभियोग, गेला माणूस. अमेरिकेत अँड्र्यू जॉन्सन 1868 मध्ये, बिल क्लिंटन 1998 मध्ये आणि डोनाल्ड ट्रम्प 2019 व 2021 असे दोनदा इम्पीच झाले, आणि एकदाही सिनेटने दोषी ठरवलं नाही. इम्पीच म्हणजे तिथल्या प्रतिनिधीगृहाने ठेवलेला आरोप, एवढंच. ज्या निक्सन यांचं नाव लोक पटकन घेतात, ते 1974 मध्ये सभागृहाचं मतदान होण्याआधीच राजीनामा देऊन बाजूला झाले.

आणखी दोन वाक्प्रयोग सांगते, कारण दोन्ही मी छापलेले पाहिले आहेत. ‘चार्जेस वेअर ड्रॉप्ड’चं मराठी एकाने ‘शुल्कात कपात करण्यात आली’ असं केलं होतं. आरोप मागे घेतले, हा अर्थ. हे हसून सोडून देता येतं. दुसरं तसं नाही. ‘शी डिक्लाइन्ड टू प्रेस चार्जेस’. प्रेस म्हणजे दाबणं, म्हणून छापलं, ‘तिने आरोप दाबण्यास नकार दिला.’ वाचणाऱ्याला वाटणार, वा, काय धीराची बाई! प्रत्यक्षात तिने तक्रार पुढे न्यायला नकार दिला होता. म्हणजे अर्थ पूर्ण उलटा. प्रत्येक शब्द कोशात सापडतो आणि वाक्य खोटं निघतं. यंत्राकडून भाषांतर करून घेतलं की असं होतं, असं हल्ली म्हणतात. माझ्या वेळी यंत्र नव्हतं, तरी होत होतं. सात आणि नऊ वर्षांचे दोन आरोप साक्षीला आहेत.

डिस्चार्ज हा शब्दही तितकाच निसरडा. धरणातून पाणी सोडलं तर विसर्ग, जखमेतून आलं तर स्राव, रुग्णाला घरी पाठवलं तर डिस्चार्ज (याला आता दुसरं काही म्हणणं आडमुठेपणा होईल), कर्ज फेडलं तर कर्जमुक्ती, बंदुकीतून गोळी सुटली तर बार. सगळीकडे उतरवणं, रिकामं करणं. एकच जागा घसरडी : ‘डिस्चार्ज्ड फ्रॉम हिज ड्यूटीज’ म्हणजे कामातून मोकळा केला आणि ‘डिस्चार्ज्ड हिज ड्यूटीज’ म्हणजे काम नीट पार पाडलं. मधला एक एवढासा शब्द काढला की हाकललेला माणूस कर्तव्यदक्ष होतो. आमच्या हिशेबवाल्या गृहस्थांच्या निरोपाच्या भाषणाचं मराठी करायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा हे वाक्य मी चार वेळा तपासलं होतं.

गैरसमज नको म्हणून सांगते, प्रत्येक चार्जची हकालपट्टी करा असं मी म्हणत नाही. फोन चार्जिंगला लावा, चार्जर विसरा, शोधा. ते शब्द आता घरचे आहेत, आणि ‘प्रभारक’ वगैरे घडवून कुणाचं भलं होणार नाही. सभेतलं वातावरण ‘चार्ज्ड’ होतं असं मात्र लिहू नका. आपल्याकडे तंग आहे, तापलेलं आहे आणि भारलेलं आहे. आणि या तिघांत निवड करताना तिथे प्रत्यक्ष काय घडलं, हे बातमीदाराला विचारावं लागेल. गाणं ऐकून लोक भारावतात, दगड पडायच्या आधी वातावरण तंग असतं. इंग्रजी शब्द तसाच ठेवला की हे विचारायचं काम वाचतं, एवढाच त्याचा फायदा.

तुमच्या भाषांतर कक्षातली माणसं तरुण असतील आणि रात्री अकरा वाजता पान लावायची घाई असेल, हे मी समजू शकते. मला कागद परत पाठवणारे साहेब होते आणि लाल शाई होती. तुमच्याकडे तसं कुणी असेल, तर त्यांच्या टेबलावर हे पत्र ठेवावं. माझी वहीही पाठवायला तयार आहे. फक्त चार्जचं पान उलगडताना जरा जपून, घड्यांवर ते फाटायला आलं आहे.

त्या खेळाडूच्या बातमीची दुरुस्ती छापलीत तर बरं होईल : ‘अंगावर धावून जाणे व मारहाण करणे, असा आरोप’. त्याने मारलं की नाही ते अजून ठरायचं आहे, म्हणून ‘आरोप’ हा शब्द तेवढा गाळू नका. छापलीत तर आईला वाचून दाखवीन. तूर्त तिने बॅटरी उशाखालून काढून कपाटात, लुगड्यांच्या घडीखाली ठेवली आहे आणि रात्री उठताना ती सापडत नाही म्हणून मला हाक मारते.

आपली,
एक निवृत्त भाषांतरकार